रोजच्या वापराला जुनी सीमास्टर की नवी अ‍ॅक्वा टेरा?

वर्धारोडवाला
ऑफिसला स्कूटरवर रोज घालायला एकच घड्याळ घ्यायचंय. 1960च्या दशकातली ओमेगा सीमास्टर ऑटोमॅटिक (कॅलिबर 565, म्हणजे आतल्या मशीनचा नंबर) की ओमेगाचीच नवी अ‍ॅक्वा टेरा? जुनीचा विक्रेता म्हणतो, सर्व्हिसिंग झालेलं आहे, वॉटरप्रूफ आहे. मागचं झाकण उघडून दाखवायला तयार आहे. काय काय बघू?

लूपधारी
'वॉटरप्रूफ' आधी विसरा. गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी चकती) नवं टाकलं तरी झाकणाच्या कडेला गंजाचे खड्डे असले की ते धड बसत नाही. घड्याळजीला विचारा: घड्याळ 40-45 अंशांवर तापवून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा. आतून धुकं धरलं तर आत दमट हवा आहे. (आपल्याकडे मे महिन्यात तापवायचीही गरज नाही, राजेहो!) उन्हातून एसीत शिरलं की रोज हेच होणार, आणि आधी चावीची दांडी गंजणार.

झाकणाच्या आतल्या बाजूला गोल घासल्याची खूण दिसली तर रोटर (हात हलला की फिरून चावी देणारं वजन) खेटतोय, म्हणजे त्याचा आस झिजलाय. काचेच्या बरोबर मध्यावर लूपखाली (घड्याळजीच्या भिंगाखाली) इवलंसं ओमेगाचं चिन्ह असेल तर काच कंपनीची. अक्षरं कुठे जाड कुठे बारीक, तळाचं 'स्विस मेड' एका बाजूला सरकलेलं, तर डायल रंगवलेली. असा माल बाजारात बक्कळ आहे. मग भाव कितीही पाडू दे, उठून या.

मिलिसेकंद
टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) लावायला सांगा. पूर्ण चावी दिलेली, डायल वरच्या बाजूला, आणि अँप्लिट्यूड (बॅलन्स चाकाचा झोका) 250 अंशांच्या खाली असेल तर सर्व्हिसिंगची गोष्ट खोटी. लिफ्ट अँगल (मशीननुसार टाइमग्राफरमध्ये भरायचा कोन) 49 भरलाय ना ते स्वतः पाहा. पुष्कळदा 52च राहतो, मग 250चे 265 दिसतात.

565ची तारीख चावी पार बाहेर ओढली की बदलते, एका ओढीला एक. दहादा ओढा. एकदा जरी चुकली तरी तारीख बदलणारा भाग झिजलाय, आणि सुटा भाग शोधत बसावं लागेल.

टिकटिकभाऊ
चुंबकाचं राहिलंच. टॅबलेटच्या कव्हरजवळ ठेवली तरी जुनीच्या हेअरस्प्रिंगची (चाल ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची) वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळतं. डिमॅग्नेटायझरने (चुंबकत्व काढणाऱ्या यंत्राने) लगेच सुटतं, पण किती वेळा? अ‍ॅक्वा टेराची हेअरस्प्रिंग सिलिकॉनची, 15,000 गॉसपर्यंतच्या (गॉस म्हणजे चुंबकाच्या जोराचं माप) चुंबकाची चिंता नाही, पाणी 150 मीटर, चाल दिवसाला 0 ते +5 सेकंद. स्कूटर, घाम, पाऊस, सगळं धरून माझं मत नवीलाच. एक मात्र खरं, जुनीच्या प्लास्टिक काचेवरचे ओरखडे पेस्टने घासून जातात, नवीची सफायर फुटली की बदलावीच लागते.

वर्धारोडवाला
शनिवारी लूप घेऊन जातो. झाकणाच्या आतला फोटो इथे टाकतो, मग बोलू.