नागपाड्यातील नामशेष गल्लीचा शोध कसा घ्यावा?

प्रश्न
आमच्या पणजोबांच्या १८९३ सालच्या खरेदीखतात मुंबईच्या नागपाड्यातील एका गल्लीचा उल्लेख आहे. परंतु कागद नेमका घडीवर विरल्यामुळे गल्लीचे नाव वाचता येत नाही. चतुःसीमा मात्र शाबूत आहेत. पूर्वेस विहीर, दक्षिणेस मशिदीची जागा आणि उर्वरित दोन बाजूंस शेजारी मालकांची नावे आहेत. आजच्या नकाशावर या वर्णनाशी जुळणारी जागा आढळत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १
१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने जे भाग सर्वप्रथम हाती घेतले त्यांत नागपाडा होता, आणि तेथील दाट वस्ती पाडून नवे रुंद रस्ते आखण्यात आले. त्यामुळे आपली गल्ली नाव बदलून टिकली असण्यापेक्षा जमिनीवरूनच पुसली गेली असण्याचा संभव मला अधिक वाटतो. म्हणून ट्रस्टपूर्वीचा नकाशा पाहायला हवा. लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात केलेल्या मोजणीचे नकाशे मोठ्या प्रमाणमापाचे, म्हणजे बारीक तपशिलासह काढलेले असल्याने त्यांवर एकेक मिळकत ओळखता येते. मुंबईतील दस्तांच्या परिशिष्टात कधीकधी ‘लॉटन सर्व्हे नंबर’ दिलेला असतो. तो मिळाला, तर नावाची गरजच उरणार नाही.

उत्तर २
वरील सल्ला योग्य आहे, तथापि त्या मोजणीत आणि आपल्या खतात वीसहून अधिक वर्षांचे अंतर आहे, आणि एवढ्या काळात विहीर नव्याने खोदलेली असू शकते. हे अंतर वर्तमानपत्रांतून भरून काढावे लागेल. ‘मुंबई समाचार’, ‘टाइम्स ऑफ इंडिया’ आणि ‘इंदुप्रकाश’ यांच्या त्या काळातील अंकांत घरांच्या लिलावाच्या जाहिराती शोधाव्यात, आणि त्या गल्लीच्या नावाने नव्हे, तर शेजारी मालकांच्या नावाने शोधाव्यात. इंग्रजी पत्रांत एकच आडनाव निरनिराळ्या प्रकारे लिहिलेले आढळते, हे विसरू नये. ट्रस्टसाठीच्या भूसंपादनाच्या अधिसूचना मुंबई सरकारच्या गॅझेटमध्ये (राजपत्रात) पाहाव्यात.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनःपूर्वक आभार. परिशिष्टात लॉटन क्रमांक खरोखरच आहे! गॅझेटचे अंक मुंबईत कोठे पाहता येतील?

उत्तर २
एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात प्रथम चौकशी करावी. एशियाटिक सोसायटीचा ‘ग्रंथ संजीवनी’ हा डिजिटल संग्रहही अवश्य पाहावा. १९३३ साली ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला, त्यामुळे त्याच्या योजनांच्या नकाशांसाठी पालिकेकडे लेखी अर्ज करावा आणि अर्जात लॉटन क्रमांक नमूद करावा.