विमानं हेरायची, निरखायची की टिपायची?

मूळ चर्चा, कुर्ल्याहून

मंडळी, एका शब्दासाठी अडलोय. विमानतळाच्या आसपास उभं राहून येणारी-जाणारी विमानं ओळखायची, विमानावर लिहिलेली त्यांची नोंदणी वहीत लिहून ठेवायची, फोटो काढायचे, असा छंद असलेली माणसं मुंबईत बरीच आहेत. आपापसात आम्ही ‘स्पॉटिंगला चाललो’ एवढंच म्हणतो आणि बोलताना कुठे अडत नाही. पण आता याच विषयावर मराठीत सविस्तर लिहायला घेतलंय आणि दर दोन ओळींनी ‘स्पॉटिंग’ येतंय.

‘विमानं बघणं’ मला पुरेसं वाटत नाही, कारण बघण्यात ओळखणं येत नाही. आमच्या जरीमरीच्या बाजूला २७ क्रमांकाची धावपट्टी सुरू होते. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेकडे तोंड. हीच पट्टी जुहूकडून धरली की ०९ होते. वारा बहुतेक दिवस पश्चिमेचा, म्हणून विमानं घाटकोपरवरून आमच्या डोक्यावर येतात, इकडे उतरतात आणि पलीकडे समुद्रावर उडून जातात. गच्चीवर उभं राहिलं की पंखाखालची अक्षरं साध्या डोळ्यांनी वाचता येतात. बोइंग ७८७ असेल तर इंजिनाच्या खोळीची मागची कड दातेरी दिसते. एअरबस ए३५०च्या कॉकपिटच्या खिडक्यांभोवती काळी पट्टी असते. बोइंग ७३७चं इंजिन खालच्या अंगाला चपटं असतं. काही सेकंदांत हे सगळं नजरेत भरतं आणि नाव सुचतं. या क्रियेला मराठीत नेमकं क्रियापद हवंय. नाम नंतर बघू.

पुण्याहून

‘पक्षीनिरीक्षण’ रुळलं, तेव्हा ‘विमाननिरीक्षण’ही रुळेल, असं कुणीतरी सुचवणारच. मला तो शब्द पटत नाही. निरीक्षण हा शब्द पोलीस निरीक्षक, आरोग्य निरीक्षक यांच्यामुळे कचेरीचा झालाय. पक्ष्यांच्या खात्याला कुणी निरीक्षक नेमत नाही म्हणून तिथे तो निभावला. विमानांच्या बाबतीत तपासणी हे खरोखरचं काम आहे. ‘विमाननिरीक्षक’ म्हटलं की उड्डाणाआधी विमानाखाली वाकून टायर पाहणारा माणूसच समोर येतो.

अर्थाने सगळ्यात जवळचा शब्द ‘हेरणे’. गर्दीतून नेमकं हवं ते चटकन लक्षात घेणं, म्हणजे हेरणं. बाजारात चांगला बैल हेरतात, वर्गात हुशार मुलगा हेरतात. पण याच धातूला ‘हेर’ लागून आहे, आणि या छंदाच्या बाबतीत ती नुसती शब्दाची अडचण राहत नाही. नोव्हेंबर २००१मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथे हवाई दलाच्या तळावर विमानांच्या कसरती पाहायला गेलेल्या १४ छांदिष्टांना पकडलं होतं. १२ ब्रिटिश, २ डच. विमानांचे क्रमांक वहीत लिहिणं म्हणजे हेरगिरी, असा आरोप झाला. एप्रिल २००२मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते अपिलात सुटले. वहीत क्रमांक का लिहितात, हेच तिथल्या यंत्रणेला कळेना. असा छंद असू शकतो हे तिथे कुणाच्या गावी नव्हतं.

आम्ही लोहगावला राहतो. इथला विमानतळ हवाई दलाचा आहे, प्रवासी विमानं त्याच धावपट्टीवरून जातात. कुंपणाशी कॅमेरा काढायचा विषयच येत नाही आणि काढूही नये. १९३७च्या विमान नियमांतला १३वा नियम सरकारी विमानतळावर लेखी परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई करतो. तेव्हा आपल्या छंदाचं नाव ‘विमान हेरणे’ असं छापायची माझी तरी तयारी नाही.

कुर्ल्याहून

पुणेकर, हेरणेबद्दल तुमचं म्हणणं पटलं. मग माझा कल सांगतो: ‘टिपणे’.

पाखरू दाणे टिपतं, म्हणजे पसाऱ्यातून एकेक नेमका उचलतं. कुणी बोललेलं आपण टिपून घेतो, त्याचं टिपण होतं. शाई टिपायला टिपकागद. आणि फोटो तर मराठीत टिपलाच जातो, ‘कॅमेऱ्यात टिपला’ हे वर्तमानपत्रात रोज वाचतो. आमच्या छंदात वही आणि कॅमेरा दोन्ही आहेत. काही जण फक्त वहीवाले, फोटोत त्यांना रस नाही. काहींना फक्त फोटो हवा, नोंदणी घरी जाऊन फोटो मोठा करून वाचतात. वही आणि कॅमेरा या दोघांनाही सामावून घेणारं क्रियापद मला दुसरं दिसत नाही. इंग्रजी शब्दात फक्त दिसणं आहे, नोंदवणं नाही. आपल्याकडे ते आयतं आहे.

नाशिकहून

टिपणे मलाही आवडलं, पण एक हरकत. युद्धाच्या बातमीत ‘शत्रूचं विमान टिपलं’ याचा अर्थ पाडलं. नेमबाज निशाण टिपतो. हा अर्थ दुय्यम नाही, चांगला ठसठशीत आहे.

‘टेहळणी’चाही कुणी विचार करेल म्हणून आधीच लिहितो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ऑब्झर्व्हर कोअरचे स्वयंसेवक टेकाडांवर उभे राहून जर्मन विमानं आकारावरून ओळखायचे आणि कळवायचे. ते काम टेहळणीचंच. त्या काळी शिकलेली पुष्कळ मुलं पुढे नुसत्या हौसेने विमानतळांच्या कुंपणाशी जाऊ लागली. म्हणजे इतिहासाच्या अंगाने टेहळणी बरोबर बसते. पण ‘टेहळणी विमान’ हा शब्द आधीच वापरात आहे. ‘विमान टेहळणी’ म्हटलं तर विमानाने केलेली की विमानांची केलेली, हे कळत नाही.

आमच्याकडे ओझरला तर विमानाच्या नावावरून गावच ओळखलं जातं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आला, मिग विमानं बनू लागली आणि त्या वसाहतीचं नाव ‘ओझर मिग’ पडलं. ‘मिगला उतरायचंय’ असं लोक कंडक्टरला सांगतात. मिगनंतर तिथे सुखोई-३० बनली आणि १७ ऑक्टोबर २०२५ला नाशिकमध्ये तयार झालेल्या तेजस मार्क १ए विमानाचं पहिलं उड्डाण तिथूनच झालं, तरी स्टॉपचं नाव मिगच. पुण्यात विमाननगर आहे, पण ते ठरवून दिलेलं नाव. मिग हे लोकांच्या तोंडात आपोआप बसलं.

आणखी एक. पुष्कळ जण ‘नोंदणी क्रमांक’ लिहितात. भारतीय नागरी विमानाच्या नोंदणीत अंक नसतातच, व्हीटी आणि पुढे तीन अक्षरं. अमेरिकेत एन अक्षरापुढे अंक येतात, तिथे क्रमांक शोभतो. आपल्यासाठी ‘नोंदणी अक्षरं’ म्हणा.

कुर्ल्याहून

नाशिककर, नोंदणी अक्षरं एकदम मान्य. बोलताना आम्ही ‘रेजी’ म्हणतो. ‘रेजी काय होती?’ ‘जेआरए.’ एवढ्यात भागतं. व्हीटी-जेआरए हे एअर इंडियाचं पहिलं ए३५०. जे. आर. डी. टाटांच्या आठवणीने त्या मालिकेला जेआर अक्षरं घेतलीत. आकासा एअरची वायने, इंडिगोची आयने सुरू होणारी. नवीन माणसाला ‘व्हीटी’ म्हटलं की आधी बोरीबंदरचं स्टेशन आठवतं, ते सोडा. व्हीटी म्हणजे ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’ ही गोष्ट मात्र वारंवार ऐकायला मिळते आणि ती लेखात येऊ देणार नाही. १९२७च्या वॉशिंग्टन परिषदेत देशोदेशींना रेडिओच्या हाकेसाठी अक्षरं वाटली गेली, त्यातून हे आलं. व्हाइसरॉयशी त्याचा संबंध नाही.

टिपण्यातला पाडण्याचा अर्थ मान्य आहे, पण तो कर्त्यावर आणि साधनावर ठरतो. ‘तोफेने टिपलं’ आणि ‘वहीत टिपलं’ यात कुणाचा घोळ होणार नाही. पहिल्या उल्लेखाला ‘वहीत’ किंवा ‘कॅमेऱ्यात’ जोडायचं, पुढे नुसतं टिपणं चालेल. ‘टिप्पणी’ मात्र कुणी करू नका, ती शेरा मारण्यासाठी.

तासगावहून

मुंबई-पुण्याची चर्चा वाचली. विमानतळाजवळ न राहणाऱ्यांचीही थोडी भर.

आमच्या आजीच्या पिढीत ‘इमान’ म्हणत. विहिरीची इहीर, विठोबाचा इठोबा, तसं विमानाचं इमान. तुकोबांना न्यायला आलेलं ते विमान कीर्तनात ऐकलेलं आणि आकाशातून घरघरत जाणारं ते इमान. एकाच बाईच्या तोंडी दोन्ही उच्चार असत, आणि मला तो फरक फार मोलाचा वाटतो. विमान देवाचं, इमान माणसाचं.

खूप उंचावरून पांढरी रेघ ओढत जाणाऱ्याला मात्र इमानही म्हणत नाहीत. ते ‘रॉकेट’. शिवारात काम करणारा माणूस मान वर करून ‘रॉकेट चाललंय बघ’ म्हणतो. ते जेट प्रवासी विमान असतं, दहा-अकरा किलोमीटरवर. इंजिनातून बाहेर पडलेली वाफ तिथल्या उणे चाळीसच्याही खालच्या थंडीत गोठते आणि बर्फाच्या बारीक कणांची रेघ उमटते. त्याला ‘धूर’ लिहू नका एवढीच विनंती. ‘रेघ’ छान आहे. हवा कोरडी असेल तर रेघ लगेच पुसली जाते, दमट असेल तर पसरत राहते. आता मोबाइलवरच्या नकाशात बघून पोरं सांगतात, हे दुबईहून बंगळूरला चाललंय. हेही तुमच्या टिपण्यातच धरायला हवं. माझ्याकडे दुर्बीण आहे, कॅमेरा नाही.

आणि ‘वायुयान’ कुठे वापरायचं? नव्या कायद्याच्या नावात तोच शब्द आहे.

पुण्याहून

तासगावकर, तो भारतीय वायुयान अधिनियम २०२४. १ जानेवारी २०२५पासून लागू. १९३४चा जुना कायदा त्याने मागे टाकला. कायद्याला हेलिकॉप्टर, ग्लायडर, फुगा सगळंच एका शब्दात हवं असतं, तिथे वायुयान बरं. बोलण्यात आपण हेलिकॉप्टरला विमान म्हणत नाही, जुहूच्या विमानतळावर बहुतेक हेलिकॉप्टरंच दिसत असली तरी.

एक सावधगिरी लेखासाठी. ‘विमानाने उड्डाण भरले’ लिहू नका. ते हिंदीतून आलंय. मराठीत उड्डाण करतात किंवा घेतात. भरारी मारतात. आणि ‘उडालं’ जपून. ‘सकाळी आठला विमान उडालं’ हे आपल्याला कळतं, पण बातमीच्या मथळ्यात तेच वाक्य काळजात धस्स करतं. तिथे ‘सुटलं’ किंवा ‘निघालं’.

कुर्ल्याहून

हे फार कामाचं. फोटोच्या भागात मला अडलेले शब्द सांगतो, कारण तिथे मराठी खरोखर चांगली सोय करते आणि एका ठिकाणी दगाही देते.

दगा असा. ‘पंख’ आणि ‘पंखा’. विमानाचा पंख म्हणजे विंग, आणि एटीआरसारख्या विमानाच्या इंजिनापुढे फिरणारा तो पंखा. प्रथमेत ठीक. पण ‘पंखाचा फोटो’ आणि ‘पंख्याचा फोटो’ यांत एका जोडाक्षराचा फरक, छापताना हमखास उलटसुलट होतं. आणि फोटोत हा फरक मोठा आहे. जेट विमानाला शटर, म्हणजे कॅमेऱ्याची झडप उघडी राहण्याचा वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागाचा ठेवला की चित्र लख्ख येतं. त्याच शटरने एटीआर ७२-६०० टिपलं तर पंख्याची सहाही पाती जागच्या जागी थिजतात आणि विमान इंजिन बंद पडून लटकल्यागत दिसतं. तिथे शटर १/१२५ ते १/२५०पर्यंत खाली आणायचा, विमानाच्या वेगाने कॅमेरा फिरवत न्यायचा, म्हणजे पात्यांचं वर्तुळ धूसर उमटतं आणि बाकी विमान स्पष्ट राहतं. हात जरा अडखळला तर सगळंच धूसर. म्हणून लेखात मी ‘पात्यांचा पंखा’ असं लिहिणार आहे.

सोय अशी. दुपारी तापलेल्या धावपट्टीवरून हवा थरथरत वर येते आणि लांबून घेतलेल्या फोटोत विमानाच्या कडा वितळल्यासारख्या होतात. कितीही महाग भिंग असू दे, इलाज नाही. याला आपल्याकडे ‘झळ’ आहेच. ‘फोटोला झळ लागली’ हे आमच्यातला प्रत्येक जण ऐकताक्षणी समजला. सकाळी लवकर किंवा पाऊस पडून गेल्यावर झळ नसते. पावसाळ्यात उलट दमट हवेत पंखाच्या वरच्या बाजूला दाब कमी होऊन क्षणभर पांढरी वाफ धरते, ती टिपायला लोक छत्री घेऊन उभे असतात.

‘कलणे’ही असंच. २२ एप्रिल २०२४ला एअर इंडियाचं शेवटचं उडतं बोइंग ७४७ मुंबईतून अमेरिकेला कायमचं गेलं, तेव्हा उड्डाण करताच वैमानिकाने ते आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला कलवलं. बहुतेकांनी ‘पंख हलवून निरोप’ लिहिलं. पंख हलत नाहीत, अख्खं विमान कलतं. त्या फोटोंत ते स्पष्ट दिसतं, एक पंख जमिनीकडे, दुसरा आभाळाकडे.

तासगावहून

एक राहिलं. विमान उतरायला येतं आणि न उतरता पुन्हा वर जातं, त्याला टीव्हीवर ‘घिरट्या’ म्हणतात. ते बरोबर का?

कुर्ल्याहून

नाही. घिरट्या म्हणजे उतरायची परवानगी मिळेपर्यंत लांब, उंचावर फेऱ्या मारत राहणं. तुम्ही म्हणता तो गो-अराउंड. पुढचं विमान पट्टीवरून वेळेत बाजूला झालं नाही, वारा अचानक फिरला, पावसात पट्टी दिसली नाही, की वैमानिक उतरणं सोडून देतो. आमच्या गच्चीवर हे कानाला आधी कळतं. मंद होत आलेलं इंजिन एकदम गर्जतं, नाक वर होतं, चाकं आत जातात. त्याला आम्ही ‘न टेकता उठलं’ म्हणतो. चाकं जमिनीला लागली की विमान ‘टेकलं’, जोरात लागली तर ‘आदळलं’, आणि लागलीच नाहीत तर ‘न टेकता उठलं’. लेखातही हेच ठेवतोय.