आप्पांच्या फुटक्या मोबाइलमधलं रेकॉर्डिंग कोर्टात कसं द्यायचं? मदत हवी आहे

मंडळी, चोपडा तालुक्यातून लिहितोय. केळीच्या एका व्यापाऱ्याकडे आमच्या दोन कटाईंचे पैसे अडकलेत. काट्याच्या चिठ्ठ्या आहेत, पण सही कुणाचीच नाही. (आमच्याकडे माल शब्दावरच जातो, त्यावरून बोलणी नकोत, घरी भरपूर खाल्लीत.) वसुलीचा दावा मागच्या महिन्यात टाकला.

हातात भक्कम असं एकच, आप्पांच्या मोबाइलमधलं कॉल रेकॉर्डिंग. त्यात तो म्हणतो, "आप्पा, तुमना पैसा बुडाऊ नई, पोयाले दी टाकसू." (अहिराणीत, म्हणजे तुमचे पैसे बुडवणार नाही, पोळ्याला देऊन टाकीन.) आकडाही बोलतो. पोळा होऊन गेला, आता म्हणतो आवाजच माझा नाही.

घोळ असा की त्या मोबाइलचा डिस्प्ले फुटलाय. फुटण्याआधी पुतण्याने फाइल माझ्या मोबाइलवर घेतली आणि हुशारी करून सुरुवातीचं पाऊसपाण्याचं बोलणं कापलं. वकिलांकडे तीच कापलेली फाइल गेली. ते म्हणाले, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, भाग 'अ' आपला, भाग 'ब' तज्ज्ञाचा, हॅश व्हॅल्यूसकट (फाइलच्या आतल्या डेटावरून काढलेला कोड, फाइलचा अंगठाच म्हणा).

भाग 'ब' जळगाव-धुळ्याकडे कुणी करून घेतलाय का? डिस्प्ले बदलला तर पुराव्याशी छेडछाड ठरेल? आणि अहिराणीचं मराठी कुणी करायचं?

प्रतिसाद:
दादा, कापलेल्या फाइलवर विसंबू नका. फाइलचं नाव बदललं तर हॅश तोच राहतो, पण एक सेकंद कापला तरी सगळा बदलतो. समोरचा वकील तिथेच धरेल. मूळ मोबाइल जपा. खोतकर विरुद्ध गोरंट्याल (२०२०) या आपल्या जालन्याच्याच निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की मूळ उपकरणच हजर केलं आणि मालकाने साक्षीत ते शाबीत केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. तो निकाल जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब वरचा आहे (आता त्या जागी कलम ६३), वकिलांशी बोला. डिस्प्ले परस्पर बदलू नका, दुकानदाराने 'सॉफ्टवेअर मारलं' तर आतलं रेकॉर्डिंग पुसलं जाईल, मग संपलं. आधी कोर्टाला अर्ज द्या. आवाज नाकारला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम १०-अ खाली शास्त्रीय तपासणीसाठी कमिशन (कोर्टाने नेमलेला तपासनीस) मागता येतं. अहिराणी शब्दशः उतरवा, शेजारी मराठी.

मूळ लेखक:
धन्यवाद भाऊ. मोबाइल काढून कपाटात ठेवला, पुतण्याला हात लावू देत नाही. म्हणजे साक्षीला आप्पांनाच उभं राहावं लागणार ना? त्यांना ऐकू कमी येतं. रेकॉर्डिंग कोर्टात वाजवलं तर कानाचं मशीन लावून ऐकू देतात का, कुणाला अनुभव?