10 मिली पिपेटमधलं पाणी 9.94 ग्रॅमच भरतंय

बीकरवाला:
बी.एस्सी. प्रॅक्टिकलसाठी पिपेट (ठरावीक माप देणारी काचेची नळी) तपासतोय. ए क्लास म्हणजे जास्त अचूक दर्जाचं, 10 मिली. डिस्टिल्ड वॉटर बीकरमध्ये सोडून वजन केलं: 9.93, 9.95, 9.94 ग्रॅम. पाणी 27 अंशांवर. पिपेट 0.06 मिली कमी देतंय, म्हणजे बाद का?

काचसामान:
बाद नाही. 1 मिली म्हणजे 1 ग्रॅम हा हिशेब 4 अंशांचा. 27 अंशांना पाण्याची घनता 0.9965; वर हवेच्या उत्प्लावकतेमुळे (हवा वस्तूला किंचित वर ढकलते) दर ग्रॅमला साधारण 1 मिलिग्रॅम कमी दिसतं. म्हणून आलेल्या ग्रॅमना 1.0045 ने गुणा: 9.94 चे 9.985 मिली. ए क्लासला ±0.02 मिलीची सूट असते, त्यात बसतं. पिपेटवर मापाचं तापमान 27 ऐवजी 20 अंश छापलं असलं तरी काळजी नको, बोरोसिलिकेट काच 7 अंशांत 0.001 मिलीसुद्धा फुगत नाही.

तोळामासा:
हिशेब बरोबर, पण बॅलन्स (वजनकाटा) दोन दशांशांचा दिसतोय. सूटच 0.02, तिथे 0.01 च्या पायरीवर निकाल देऊ नये. चार दशांशांचा घ्या आणि बीकरऐवजी झाकणाची वेइंग बॉटल. उघड्या भांड्यात आकडा खाली खाली सरकत राहतो, पाणी उडत असतं. बाटली कागदाच्या पट्टीने धरा, बोटांचा तेलकटपणाही त्या बॅलन्सला दिसतो.

काचसामान:
आणि पिपेट उभं धरून टोक बाटलीच्या भिंतीला टेकवा, पाणी आपोआप उतरू द्या, धार थांबल्यावर तीनेक सेकंद थांबून काढा. टोकात उरलेलं फुंकायचं नाही, ते मापात धरलेलंच नसतं. फुंकलंत तर अर्धा थेंबसुद्धा सगळी सूट खाऊन टाकतो. आतल्या भिंतीवर थेंब चिकटून राहत असतील तर काच तेलकट आहे. आधी धुवा, मग मोजा.

बीकरवाला:
कळलं. जर्नलमध्ये ‘वजन’ लिहू की ‘वस्तुमान’?

तोळामासा:
वस्तुमान. इलेक्ट्रॉनिक बॅलन्स मोजतो बलच, पण प्रमाणित वजन ठेवून जुळवून घेतल्यामुळे (कॅलिब्रेशन) ग्रॅम दाखवतो. म्हणूनच मुंबईत कॅलिब्रेट केलेला बॅलन्स महाबळेश्वरला तसाच लावला, तर उंचीवर गुरुत्वाकर्षण किंचित कमी असल्याने 100 ग्रॅमला साधारण तीस-चाळीस मिलिग्रॅम कमी दाखवेल. जागा बदलली की आधी बॅलन्सच्या पातळीदर्शकातला बुडबुडा मधोमध आणा, अर्धा तास चालू ठेवा, मग कॅलिब्रेशन.