यंत्राला भ्रम होतो, की ते पदरचं घालतं?

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात गेल्या आठवड्यात एका फुटकळ कामावरून हा शब्द निघाला. तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतोय.

टीममधल्या एका नव्या मुलाला बिलांच्या पीडीएफमधून तारखा वेचून काढायच्या होत्या. त्यानं चॅटबॉटला विचारलं. उत्तर झकास आलं. कोणती लायब्ररी (आयत्या कोडचा संच) घ्यायची, तिच्यातलं कोणतं फंक्शन वापरायचं, त्याला द्यायचे तीन पॅरामीटर म्हणजे सूचना, प्रत्येकाचा अर्थ, आणि तिसरा पॅरामीटर कुठल्या आवृत्तीपासून चालतो तेसुद्धा. लायब्ररी खरी, फंक्शन खरं, पहिले दोन पॅरामीटर खरे. तिसरा मात्र कुठेच नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये नाही, सोर्स कोडमध्ये नाही, जुन्या आवृत्त्यांतही नाही. आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून पोरगं दुपारभर लायब्ररी काढून पुन्हा इन्स्टॉल करत बसलं होतं. आमच्या टीम लीड मूळच्या अलिबागकडच्या. त्यांनी शेजारून स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, दोन खरे सांगितले आणि तिसरा पदरचा घातला त्यानं."

मला एकदम वाटलं, हाच तो शब्द.

या प्रकाराला इंग्रजीत हॅल्युसिनेशन म्हणतात. केंब्रिज शब्दकोशानं २०२३ सालचा शब्द म्हणून त्याचंच क्रियापद निवडलं होतं, इतका तो रुळला. मराठी बातम्यांत त्याचा 'भ्रम' होतो, कधी 'आभास', कधी 'मतिभ्रम'. मला यातला एकही पटत नाही. भ्रम व्हायला आधी काहीतरी दिसावं लागतं, ऐकू यावं लागतं. ज्ञानेंद्रियं लागतात. चॅटबॉटच्या आत असतं ते भाषेचं मॉडेल काही पाहत नाही. आधीच्या शब्दांवरून पुढे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, हे ते ठरवतं. मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. खरी ओळ आणि बनावट ओळ, दोन्ही त्याच एका रीतीनं तयार होतात. खरं सांगताना ते शुद्धीवर असतं आणि खोटं सांगताना त्याला भ्रम होतो, असं काही नसतंच.

एआयमधले ज्येष्ठ संशोधक जेफ्री हिंटन यांनीही २०२३ मध्ये हॅल्युसिनेशनवर आक्षेप घेतला होता. माणसाच्या आठवणीत भगदाडं असतात आणि तो ती नकळत कल्पनेनं बुजवतो. मानसशास्त्रात त्याला कॉन्फॅब्युलेशन म्हणतात, आणि यंत्राच्या बाबतीत तोच शब्द बरोबर, असं त्यांचं म्हणणं. मराठीत त्याच्यासाठी संस्कृतातून सहा अक्षरी संज्ञा घडवता येईल. पण घरात वापरातला शब्द असताना ती कशाला घडवायची?

मग घरातले शब्द तपासू. 'थाप' चालेल का? थाप मारणाऱ्याला खरं ठाऊक असतं आणि त्याला समोरच्याला फसवायचं असतं. 'लोणकढी थाप' म्हणजे तर लोणी कढवून नुकतंच काढलेल्या तुपासारखी ताजी, हुशारीची थाप. त्यात हेतू आणखी ठळक. 'तिखटमीठ लावणं' जवळचं वाटतं, पण तिथे घडलेली गोष्ट खरी असते, फक्त तिची चव वाढवलेली असते. आमच्या तिसऱ्या पॅरामीटरखाली खरं असं काहीच नव्हतं.

'पदरचं घालणं' याहून वेगळं आहे. पदर म्हणजे आपल्याच वस्त्राचा शेव. त्याच्या गाठीला बांधलेले पैसे आपले स्वतःचे. म्हणून खिशातून खर्च झाला की पदरमोड, आणि पगार स्वतःच्या पैशातून दिला की पदरचा. बोलण्यात हा शब्द येतो तो निरोपाच्या संदर्भात. माझी आजी मला शेजारी पाठवताना बजावायची, "सांगितलंय तेवढंच सांग, पदरचं घालू नकोस." म्हणजे माल दुसऱ्याचा, त्यात भर आपली, आणि ऐकणाऱ्याला जोड दिसत नाही. घालणारा लबाड असेलच असंही नाही. पोर निरोप विसरतं, मधली जागा रिकामी राहू नये म्हणून काहीतरी बोलतं. आमच्या स्क्रीनवर त्या दुपारी हेच झालं होतं.

न्यूयॉर्कचं प्रकरण आठवत असेल. जून २०२३ मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयानं दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून पाच हजार डॉलर दंड केला. विमान कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात त्यांनी चॅटजीपीटीनं दिलेले निकाल जोडले होते आणि ते निकाल अस्तित्वातच नव्हते. बातमीवर आमच्या टपरीवर बरीच चर्चा झाली होती. ठाणे-बेलापूर रोडच्या कडेला संध्याकाळी पाचला जमणाऱ्या आमच्या घोळक्यात कुठलीही बातमी चहात बुडवल्याशिवाय खाली उतरत नाही. एक जण म्हणाला, "निकाल खरे आहेत का, हेही त्यानं त्यालाच विचारलं!" आणि ते खरंच होतं. वकिलानं चॅटजीपीटीलाच खात्री करायला सांगितली होती आणि त्यानं होकार दिला होता.

इथे शब्दाची निवड महत्त्वाची ठरते. यंत्राला भ्रम झाला म्हटलं की ते आजारी पडलं आणि वकील बिचारे सापडले. यंत्रानं पदरचं घातलं म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: निरोप्याचं बोलणं मूळ माणसाला विचारून ताडून कुणी पाहायचं होतं? न्यायालयानं दंड केला तो न ताडणाऱ्यांना.

टपरीवरचे आणखी दोन शब्द थोडक्यात. कोड न वाचता यंत्राकडून लिहून घ्यायचा आणि चालला की पुढे जायचं, या पद्धतीला एआय संशोधक आंद्रे कार्पाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये वाइब कोडिंग हे नाव दिलं. आमच्याकडे त्याला पहिल्या दिवसापासून 'अंदाजपंचे' म्हणतात. आणि यंत्रानं ढिगानं ओतलेल्या निकस मजकुराला इंग्रजीत स्लॉप म्हणतात, त्याला मी 'चोथा' म्हणतो. उसाचा रस निघून गेल्यावर उरतो तो.

तुमच्याकडे या चुकांना काय म्हणतात? शब्द जसा बोलता तसाच लिहा.

प्रतिसाद (नौपाडा, ठाणे, निवृत्त मराठी शिक्षिका)

तुमचा आक्षेप योग्य आहे, फक्त भ्रमाच्या बाजूनं थोडं बोलते. आपल्याकडे भ्रमाचा विचार फार बारकाईनं झालाय. अंधारात दोरी पडलेली असते आणि आपल्याला साप दिसतो, हा वेदान्तातला नेहमीचा दाखला. इथे साप खोटा असला तरी दोरी खरी आहे. मानसशास्त्राच्या मराठी लेखनात म्हणूनच 'भ्रम' आणि 'निर्वस्तुभ्रम' असे दोन वेगळे शब्द येतात. दुसऱ्यात दोरीसुद्धा नसते. हॅल्युसिनेशन म्हणजे हा दुसरा. वर्तमानपत्रांनी नुसतं 'भ्रम' लिहिलं की मूळ शब्दाचा अर्थही नीट उतरत नाही आणि यंत्राचाही नाही.

एक शब्द तुम्ही घेतला नाहीत: कपोलकल्पित. कपोल म्हणजे गाल. डोक्यातून किंवा डोळ्यांतून नव्हे, गालातून निघालेलं, नुसत्या तोंडाचं. ज्याला डोळे नाहीत, फक्त बोलणं आहे, त्याच्यासाठी याहून नेमका शब्द मला सुचत नाही. बोलायला जड आहे हे मान्य.

आणि तुमच्या 'अंदाजपंचे'बद्दल. तो वाक्प्रचार पूर्ण असा आहे: अंदाजपंचे दाहोदरसे. जुन्या पाढ्यात बावीस पंचे दाहोदरसे, म्हणजे एकशे दहा. आता 'बावीस'च्या जागी 'अंदाज' घालून म्हणून पाहा. चाल तीच, ठेका तोच, उत्तर तेवढ्याच ठणठणीत आवाजात. आकडा मात्र कशाचाच नाही. वर्गात पाढे म्हणताना मागच्या बाकावरची मुलं नेमकं हेच करायची. चाल पाठ असायची, त्यामुळे शंभरातल्या नव्वद वेळा मला कळायचंही नाही. तुम्ही म्हणता ना, पुढचा शब्द शक्यतेवरून येतो? मला तरी ते पाढ्याच्या चालीवर उत्तर देणंच वाटतं.

प्रतिसाद (रबाळे, डेटा सेंटरमध्ये नोकरी)

दादा, आमच्या शिफ्टमध्ये सरळ 'ठोकलं' म्हणतात. "कमांड दिली का त्यानं?" "दिली, पण ठोकलीये." पदरचं घालणं मऊ वाटतं. ठोकून देण्यात जो आत्मविश्वास आहे तो त्यात नाही, आणि धोका त्या आत्मविश्वासातच आहे.

एक उदाहरण देतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी सोळा मॉडेल्सकडून ५,७६,००० कोडचे नमुने लिहून घेतले आणि त्यांत मागवलेली पॅकेजं, म्हणजे इंटरनेटवरून आयते उतरवून घ्यायचे कोडचे संच, खरी आहेत का ते तपासलं. अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजांची २,०५,४७४ वेगवेगळी नावं निघाली. पुढचं जास्त वाईट आहे. यातली बरीच नावं मॉडेल पुन्हा विचारलं तरी तीच देतं. मग कुणीतरी चोर त्या नावाचं खरंच एक पॅकेज बनवून ठेवू शकतो, आत आपला माल भरून. तुमच्या टीममधल्या मुलाला पॅरामीटर मिळाला नाही म्हणून त्याची एक दुपार गेली. पॅकेज मिळालं असतं तर सर्व्हर गेला असता. म्हणून मला मऊ शब्द नको.

माझं उत्तर

बाई, पाढ्याचं तुम्ही सांगितलंत ते वाचून मी ठाणे स्टेशनवर नऊ नंबरच्या फलाटावर उभा होतो आणि वाशीची गाडी सोडली. वाक्प्रचार लहानपणापासून वापरतोय, पण त्यात बावीसचा पाढा दडलाय हे माहीत नव्हतं. यंत्र आत काय करतं हे इतक्या थोडक्यात मी कुणाला कधी समजावू शकलो नव्हतो. सप्टेंबर २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्याच संशोधकांनी एक निबंध काढला. त्यांचं म्हणणं असं की मॉडेल्सची परीक्षा ज्या पद्धतीनं घेतली जाते, तिच्यात 'मला माहीत नाही' म्हणण्याला शून्य गुण आणि अंदाज लागला तर पूर्ण गुण मिळतात. मग ते अंदाजच करायला शिकतं. तुमच्या मागच्या बाकावरची मुलंही म्हणूनच चाल धरत असणार. गप्प बसलं तर छडी नक्की.

तरी मी दोन्ही शब्द ठेवीन, कारण दोन्ही वेगळ्या ठिकाणी बसतात. अंदाजपंचे ही यंत्राची रीत झाली. त्या रीतीनं निघालेल्या उत्तरातला जो भाग खरा नाही, तो पदरचा. उत्तर सगळंच चुकीचं असतं तर आपण ते लगेच टाकून दिलं असतं. त्रास होतो तो खऱ्याला बेमालूम जोडलेल्या तुकड्याचा, आणि तो तुकडा वेगळा काढून दाखवायला मला नाव हवंय. कपोलकल्पित शब्द मला फार आवडला, पण तो सगळ्या गोष्टीला लागतो, तुकड्याला नाही.

रबाळ्याच्या मित्रा, धोक्याबद्दल तुझं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण 'ठोकलं'मध्ये मला एक अडचण दिसते. ठोकणारा ठोकून मोकळा होतो आणि आपण ऐकून हसतो. टपरीवर शब्द तसाच वापरला जातो. पदरचं घातलं म्हटलं की हसू येत नाही. कुठून घातलं, किती घातलं, असं विचारावंसं वाटतं. मऊ आहे हे खरं, पण माझ्या आजीनं तो शब्द उच्चारला की मी निरोप तोंडपाठ करूनच घराबाहेर पडायचो.

शब्द चालतो की नाही हे व्याकरणातही कळतं. गेल्या सोमवारपासून आम्ही कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, तो वापरतोय आणि तो लिंगाप्रमाणे सहज वळतो: पदरचा पॅरामीटर, पदरची लायब्ररी, पदरचं फंक्शन, पदरचे संदर्भ. 'भ्रमित पॅरामीटर' लिहून बघा, हात अडतो. आमच्यात दोन तमिळ आणि एक बंगाली सहकारी आहेत. त्यांना पदर म्हणजे काय ते ओढणीचं टोक धरून दाखवावं लागलं, पण अर्थ एकदाच सांगावा लागला. एका रिव्ह्यूत त्या बंगाली सहकाऱ्यानं प्रश्न टाकला, "इसमें पदरका कितना है?" मी ते पुसलं नाही, तसंच ठेवलंय.

ज्या मुलापासून हे सगळं सुरू झालं त्यानं काल त्याच पीडीएफच्या कामाचा कोड पुन्हा पाठवला. तारखा आता नीट निघतात. वर त्याची एक ओळ होती: तिसरा पॅरामीटर पदरचा होता, काढला, बाकीचे दोन डॉक्युमेंटेशनमध्ये पाहिले.