हरण्याची भरपाई: एकच सामूहिक दावा, की ज्याचा त्याने?

तापीकाठ
रावेर-यावल पट्ट्यात टिश्यूकल्चर रोपांच्या केळीच्या मृगबागेत हरण्या (काकडी मोझॅक विषाणूचा, म्हणजे सीएमव्हीचा रोग) दिसला की झाडं उपटण्याशिवाय गत नसते. मग गावात फॉर्म फिरतात: "पाचशे रुपये आणि आधारची झेरॉक्स द्या, रोपं विकणाऱ्या कंपनीवरच्या सामूहिक दाव्यात नाव घालतो, अमेरिकेत असेच कोटी मिळतात." फॉर्म फसवे आहेतच. पण एकत्र लढायची कल्पना खोटी नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५(१)(सी) प्रमाणे एक-दोन ग्राहकसुद्धा ग्राहक आयोगाची परवानगी घेऊन समान हितसंबंध असलेल्या सगळ्यांच्या वतीने तक्रार करू शकतात. तीन एकरवाल्याला एकट्याने वकील, चाचणी आणि जळगावच्या तारखा परवडत नाहीत. गटानेच जावं, हे माझं स्पष्ट मत.

सातबारा
परवडत नाही म्हणता, जरा हिशेब करू. सहा बाय पाच फुटांवर एकरी साधारण १४५० रोपं. तीन एकरांना ४३५०. रोप १५ रुपयांचं धरलं तर खरेदी ६५,२५० रुपये. नव्या कायद्यात फी आणि आयोगाची मर्यादा मोजलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. म्हणजे भरपाई सहा लाख मागा, फी तरीही शून्य. तक्रार राहत्या जिल्ह्यातच करता येते, कंपनी कुठलीही असो.

'समान हितसंबंध' या शब्दांवरच गाडी अडते, भो. २०२१ मध्ये बंगळूरच्या एका गृहप्रकल्पाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. प्रकल्पात ११३४ सदनिका, तक्रारदार मात्र ५१ सदनिकांचे ९१ खरेदीदार. सगळ्यांच्या वतीने दावा नाकारला, फक्त त्यांच्यापुरती संयुक्त तक्रार चालू दिली. इथे एकाने दीड महिन्यात झाडं उपटून मका पेरला, दुसऱ्याने निसवणीपर्यंत (घड बाहेर पडेपर्यंत) खत घातलं. कसली समानता?

आणि गटात हातात काय पडतं ते भोपाळच्या वायुकांडात पाहा. १९८५ च्या कायद्याने सगळ्यांचा दावा सरकारनेच हाती घेतला, १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड केली, आणि बहुसंख्य दावेदारांना पहिल्या फेरीत २५ हजार रुपये मिळाले. रक्कम वाढवून मागणारी केंद्राची याचिका २०२३ मध्ये फेटाळली गेली.

हिशेबनीस
दोघेही अर्धंच बोलताय. अशा प्रकरणात दोन प्रश्न असतात. माल सदोष होता का, हा सगळ्यांचा एकच. कुणाचं किती गेलं, हा ज्याचा त्याचा.

अमेरिकेतही फॉर्म भरला की पैसे, असं होत नाही. एएसआर नावाच्या कृत्रिम खुब्याबाबत कंपनीने केलेली २०१३ ची तडजोड घ्या. ३१ ऑगस्ट २०१३ पूर्वी खुबा काढून बदलावा लागला असेल तरच पात्रता. मूळ आकडा अडीच लाख डॉलर, मग वय, धूम्रपान, वजन पाहून वजावट. खुबा शरीरात आहे पण बदललेला नाही, तो माणूस त्यात बसत नव्हता. वस्तू वापरल्याचा पुरावा, ठरावीक इजा, ठरावीक मुदत: तिन्ही लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर यातलं काही येत नाही.

मावा आणि माती
रोपवाटिकेची बाजूही ऐका. सीएमव्ही विषाणू मावा या किडीमुळे पसरतो. केळीत काकडी-भोपळ्याचं आंतरपीक, बांधावर तण, त्यात ढगाळ गार हवा. रोप निर्विषाणू असलं तरी लागण होते. प्रयोगशाळेने झाडात विषाणू आहे म्हटलं, तर तो रोपासोबत आला हे कुठे सिद्ध झालं? कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार.

हिशेबनीस
म्हणूनच तर एकट्याचा पुरावा लुळा पडतो. एका शेतात रोगट झाडं आहेत, याला अर्थ नाही. पण एकाच बॅचची रोपं पाच गावांत गेली, पाचही ठिकाणी लागवडीनंतर लवकरच, शेताच्या एका कडेने न सरकता सगळीकडे विखरून रोग दिसला, आणि बांधाला बांध लागून असलेली दुसऱ्या बॅचची बाग स्वच्छ राहिली, तर मावा बॅच नंबर वाचून बसतो का? हा नमुना दाखवायलाच गट हवा. उलट रोग काकडीच्या बाजूने सुरू झाला असेल तर तुमचं खरं, ते शेत यादीतून काढा. अशी चार शेतं यादीत राहिली की बाकीच्यांचीही केस ढिली होते.

सातबारा
हे मान्य. पुरावा एकत्र, तक्रारी वेगळ्या, असं म्हणा. एका बॅचच्या वीस तक्रारी एकाच दिवशी दाखल करून एकत्र सुनावणीचा अर्ज देता येतो. एक मागे हटला तरी बाकी एकोणीस उभ्या राहतात.

तापीकाठ
आणि वीस वकीलपत्रं? ३५(१)(सी) ला इतरांना नोटीस किंवा जाहिरात द्यावी लागते, तो खर्च तक्रारदाराचा, हे खरं. पण वीसपट कागदापेक्षा स्वस्तच.

पांझरा
खर्चावरून सांगतो. "निकालानंतर तीस टक्के" म्हणणाऱ्या माणसाला दारात उभं करू नका. अमेरिकेत ती पद्धत आहे. आपल्याकडे वकिलाने निकालावर अवलंबून टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, गावोगाव गिऱ्हाईक गोळा करणंही नाही. फॉर्मवाला बहुधा वकीलच नसतो. शिवाय पीकविम्याची तक्रार वेगळी, ही वेगळी. त्याची पोच इथे चालत नाही.

केळीचं पान
बिल मुलाच्या नावावर, सातबारा वडिलांचा. अपात्र का?

सातबारा
नाही. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच. दोघांनी मिळून तक्रार करा. अडचण येते ती कच्च्या बिलाने. 'केळी रोपे ४३५० नग' एवढंच लिहिलेलं, ना बॅच, ना लागवड साहित्याच्या प्रमाणपत्राचा नंबर. बॅच नसेल तर हिशेबनीसांचा सगळा नमुना कोसळतो. तेव्हा गाडीची डिलिव्हरी चिठ्ठी, क्रेटवरच्या चिठ्ठीचा फोटो, पैसे भरल्याची बँक नोंद शोधा. मुदत दोन वर्षं. उशिराचं सबळ कारण दिलं तर आयोग माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नका.

मावा आणि माती
झाडं उपटल्यावर ही चर्चा करून उपयोग काय? २०१२ मध्ये सदोष बियाण्यांच्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की शेतकरी सगळं बी पेरतो, नमुना राखून ठेवणं त्याच्याकडून अपेक्षित नाही. केळीचं झाड मात्र डोळ्यांसमोर उभं असतं. ते न तपासता उपटलं, तर तोच आधार किती पुरेल याची मला शंका आहे.

हिशेबनीस
शंका रास्त. उपटायच्या आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि पंचनाम्याची तारीख कंपनीला रजिस्टर टपालाने कळवा. कंपनी आली नाही तरी कळवल्याची पावती राहते. पंचनाम्यात 'हरण्या आढळला' एवढ्यावर सही करू नका. एकूण झाडं, रोगट झाडं, त्यांची ओळ आणि क्रमांक, शेजारचं पीक, बॅच नंबर, सगळं लिहून घ्या. नमुना पोंग्याजवळच्या (गुंडाळलेल्या नव्या पानाजवळच्या) पट्टे पडलेल्या कोवळ्या पानाचा, जून पानाचा नको. प्रत्येक झाडाची वेगळी पिशवी, दोन संच, दोन्हीवर पंचांच्या सह्या. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पाठवा. जळगावच्या केळी संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ पाहणीला यावेत, अशी मागणी अर्जातच करा.

तापीकाठ
आणि रोगट झाडं तोवर शेतात ठेवायची? बाकीची बाग जाईल.

हिशेबनीस
सगळी नको. नमुन्याची दहा-बारा खुणेची झाडं ठेवा, त्यांवर मावा मारणारी फवारणी चालू ठेवा. बाकीची फोटो काढून, मोजून, मुळासकट काढा आणि खोल पुरा. बांधावर टाकू नका. पंचनाम्याला उशीर होतोय असं दिसलं तर कृषी अधिकाऱ्यांना दुसरं पत्र: "रोग पसरू नये म्हणून अमुक तारखेला झाडं काढत आहे." त्याचीही पोच घ्या.