एडिटिंगमध्ये स्वच्छ, एक्स्पोर्ट केल्यावर हिरवे चौकोन

ताई: सगळ्यांनी जरा बघा गं. आजी-आजोबांचा व्हिडिओ एडिटिंग प्रोग्रॅमच्या टाइमलाइनवर (क्लिप जोडायच्या पट्टीवर) अगदी स्वच्छ चालतो. एक्स्पोर्ट केला, म्हणजे तयार फाइल काढली, की मध्येच हिरवे-गुलाबी चौकोन येतात, आजोबांचा अर्धा चेहराच फुटतो. दोनदा एक्स्पोर्ट केला, तरी तेच.

मामा: मला तर सगळाच धुरकट दिसतोय.

मी: मामा, तुम्ही ग्रुपवर आलेला बघितलात. ग्रुपवर व्हिडिओ टाकला की ॲप तो पुन्हा दाबून लहान करतं, त्यावरून मूळ फाइलबद्दल काहीच ठरवता येत नाही. ताई, तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून टाक, म्हणजे जशीच्या तशी येईल.

ताई: टाकली.

मी: आता सगळ्यांनी चौकोन किती मिनिट किती सेकंदाला दिसले ते लिहा. कशावर बघितलं तेही.

आत्या: माझ्या फोनवर २:१४. शिवाय खाली काठाला एक बारीक हिरवी रेघ आहे, ती पूर्ण व्हिडिओभर.

दादा: लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये २:१४. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला तरी २:१४. रेघ कुठेच नाही.

मामा: २:१४. आणि ५:४० नंतर चित्र अडखळत चालतं.

मी: छान, यातच निम्मं काम झालं. चौकोन एकाच यंत्रावर आले असते, किंवा दर वेळी वेगळ्या जागी आले असते, तर प्लेअरवर संशय घेतला असता आणि हार्डवेअर डीकोडिंग (दाबलेली फाइल उलगडायचं काम ग्राफिक्स चिपकडे देणं) बंद करून बघायला सांगितलं असतं. सगळीकडे त्याच सेकंदाला येतात म्हणजे ते फाइलमध्येच लिहिले गेलेत. आत्याची रेघ उलट आहे, फक्त तिच्या फोनवर, म्हणजे ती प्लेअरची.

आत्या: पण हिरवीच का?

मी: आत्या, व्हिडिओत रंग लाल-हिरवा-निळा असे साठवत नाहीत. उजेड वेगळा आणि रंगाचे दोन आकडे वेगळे असतात. तिन्ही आकडे शून्य राहिले की पडद्यावर काळा नाही, हिरवा उमटतो. हिरवं दिसलं की समजायचं, तिथे माहितीच पोचलेली नाही. आणि रेघ खालीच का, तर एच.२६४ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीत चित्र १६ बाय १६ च्या चौकोनांत कापतात. १०८० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून आत १०८८ ओळी असतात आणि जास्तीच्या ८ प्लेअरने झाकायच्या असतात. तुझा प्लेअर त्या नीट झाकत नाहीये. दुसऱ्या प्लेअरमध्ये लाव, जाईल.

दादा: ताई, बिटरेट (दर सेकंदाला किती माहिती ठेवायची ते) वाढव ना सरळ. चौकोन म्हणजे बिटरेट कमी.

मी: दादा, बिटरेट कमी पडला की चित्र चिखलासारखं गिचमिड होतं, हालचालीत जास्त. पण रंग साधारण तेच राहतात. हिरवं-गुलाबी म्हणजे डीकोड करतानाच काहीतरी बिघडलंय, बिटरेट वाढवून फाइल फुगेल फक्त. ताई, २:१४ ला सुरू झालेलं किती वेळ टिकतं?

ताई: २:१६ ला एकदम साफ. काही झालंच नव्हतं असं.

मी: म्हणजे पुढची कीफ्रेम आली. या फाइलींत प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. मधूनमधून एक पूर्ण चित्र आणि त्यामधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच. एक फ्रेम बिघडली की तिच्यावर टेकलेल्या पुढच्या सगळ्या बिघडतात, ते पुढच्या पूर्ण चित्रापर्यंत. म्हणून खरा दोष अगदी २:१४ ला शोधायचा, नंतरचं नुसतं पसरलेलं आहे. तिथे कोणती क्लिप आहे?

ताई: मामांच्या फोनची. एचईव्हीसी (एच.२६४ च्या पुढची दाबायची पद्धत), १० बिट रंग. मूळ क्लिप व्हीएलसीत ई दाबत एकेक फ्रेम पाहिली, स्वच्छ आहे. टाइमलाइनवरही स्वच्छ.

मी: टाइमलाइनवर प्रॉक्सी लावली आहेस का?

ताई: हो, लॅपटॉप अडकत होता म्हणून.

मी: मग तू टाइमलाइनवर मूळ क्लिप बघतच नाहीयेस, तिची हलकी प्रत बघतेयस. एक्स्पोर्ट करताना मात्र मूळच उघडली जाते. त्या वेळी डीकोड, इफेक्ट आणि एन्कोड असे तिन्ही भार ग्राफिक्स कार्डावर एकदम येतात. प्रॉक्सी बंद कर आणि २:१० ते २:२० एवढाच तुकडा एक्स्पोर्ट कर. आधी सॉफ्टवेअर एन्कोडिंगने (म्हणजे फाइल दाबायचं काम ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरला), बाकी काही हलवू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर बरं कशाने झालं ते कळणार नाही.

ताई: सॉफ्टवेअर एन्कोडिंग, तरी चौकोन.

मी: म्हणजे एन्कोडर सुटला. आता प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डीकोडिंग बंद करून तोच तुकडा.

ताई: गेले!! २:१४ स्वच्छ. आजोबांचा चेहरा पूर्ण दिसतोय.

मी: वा! आता दोन वाटा. तसंच बंद ठेवून पूर्ण एक्स्पोर्ट कर, वेळ जास्त लागेल. नाहीतर तेवढी क्लिप प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये बदलून घे. फाइल मोठी होईल, पण त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, डीकोड करणं सोपं. मी तर दुसरी वाटच घेईन, कारण पुढे कितीही वेळा एक्स्पोर्ट करायला लागलं तरी चिंता नाही.

मामा: आणि माझं अडखळणं?

मी: मामा, ५:४० ची क्लिप संध्याकाळी घेतली होती ना? उजेड कमी झाला की बरेच फोन फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) आपोआप खाली आणतात, मग एकाच क्लिपमध्ये तो बदलत राहतो. एडिटिंग प्रोग्रॅमला तो स्थिर हवा असतो. ताई, ती क्लिप हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममधून स्थिर फ्रेमरेटला काढून घे. टाइमलाइन किती ठेवलीयस?

ताई: २५. क्लिप बहुतेक ३० च्या.

मी: मग टाइमलाइन ३० ची कर. ३० चं २५ करताना दर सहा फ्रेममागे एक गळते, कॅमेरा फिरतो तिथे धक्का जाणवतो.

दादा: शेवटच्या आकाशात पट्टे पट्टे दिसतात, तेही बघा.

मी: ते ८ बिटचं. एका रंगाला २५६ च पायऱ्या, निळ्या उतारात त्या दिसतात. १० बिटमध्ये १०२४ असतात, पण जुन्या टीव्हीवर १० बिट चालेलच असं नाही. ताई, आकाशावर अगदी हलका ग्रेन (बारीक दाणे) टाक, पायऱ्या मोडतात.

ताई: क्लिप बदलायला लावलीय, रात्री पूर्ण एक्स्पोर्ट लावते. मूळ क्लिप फोनमधून कोणीही पुसू नका. मामा, उद्या टीव्हीवर ५:४० पासून पुढचं बघून सांगा.

मामा: सांगतो.